टायटल क्लिअर नाही

भाच्याने दंडावर टॅटू काढून घेतलाय हे मला त्याच्या बहिणीच्या हळदीच्या दिवशी कळलं. कुर्त्याची बाही वर सारून त्याने तो दाखवला. काळ्या रेघा एकमेकींच्या खालून-वरून जात पुन्हा स्वतःलाच येऊन मिळणाऱ्या. भोवतालची कातडी अजून लालसर, वर कसल्याशा मलमाची चकाकी. "केल्टिक नॉट आहे, मावशी. ड्रुइडांचं चिन्ह. अडीच हजार वर्षं जुनं." माझ्या आईने हळदीचे हात लांब धरत एवढंच विचारलं, "आंघोळीला जाईल ना रे हे?" मला मात्र गप्प बसवेना. वकिली अंगात मुरली की माणूस चारचौघांत शोभत नाही. हे चिन्ह ड्रुइडांचं, म्हणजे जुन्या केल्टांच्या पुरोहितांचं, नव्हे, ख्रिस्ती मठांतल्या साधूंच्या हातचं, आणि वय फार तर बारा-तेराशे वर्षं, असं सांगून मी मोकळी झाले. त्याला राग आला नाही. दंड वळवून त्याने एकदा त्या गाठीकडे पाहिलं आणि विचारलं, "बरं, मग त्यांचं काय आहे? म्हणजे खरं त्यांचं?"

तेवढ्यात पंगत बसली आणि विषय तिथेच राहिला. माझ्या डोक्यातून मात्र तो काही गेला नाही.

माझं काम मालमत्तेच्या कागदांचं. जमीन दाखवणारा माणूस नेहमी छातीठोकपणे बोलतो; मी मागचे फेरफार काढत बसते. कुणाकडून कुणाकडे आली, मधल्या कुठल्या बहिणीची सही घ्यायची राहिली, कुठल्या मृत्युपत्रावरची शाई संशयास्पद आहे. केल्टांबद्दल, म्हणजे रोमनांच्या आधीपासून युरोपात राहणाऱ्या त्या जुन्या टोळ्यांबद्दल, मी हौसेने वाचत आले ते या कामाचा उतारा म्हणून: धुकं, ओकची झाडं, कावळ्याच्या रूपात येणाऱ्या देवी. पण भाच्याच्या प्रश्नानंतर त्याच पुस्तकांकडे मी कामाच्या नजरेने पाहायला लागले, आणि जी वस्तू हातात घ्यावी तिच्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात फिरून गेलेला निघायला लागला.

ती गाठच घ्या. डब्लिनला ट्रिनिटी कॉलेजच्या मंद उजेडातल्या दालनात, काचेखाली, वासराच्या कातड्यावर रंगवलेला 'बुक ऑफ केल्स' मी पाहिला आहे. मागच्या माणसाचा श्वास मानेवर येत होता, तरी पाय निघेनात. इ.स. ८०० च्या आसपासचा तो ग्रंथ म्हणजे येशूची चार शुभवर्तमानं, तीही लॅटिनमध्ये. त्यातल्या वेटोळ्यांच्या गाठी भूमध्य समुद्राकाठच्या फरशांवरून आणि जर्मन टोळ्यांच्या दागिन्यांवरून मठांत शिरलेल्या. जुन्या केल्टांची रेघ याहून वेगळी. १८५७ साली (आपल्याला हे साल म्हटलं की दुसरंच काही आठवतं) लंडनच्या टेम्स नदीत पुलाच्या कामात एक कांस्याची ढाल सापडली, लाल काचेचे खडे बसवलेली. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या नूशातेल तळ्याचं पाणी उतरलं आणि ला तेन नावाच्या जागी लोखंडी तलवारी दिसू लागल्या. या वस्तूंवरची नक्षी गाठ मारत नाही, वळसे घेते. वेल वाटते म्हणून पाहावं तर तिच्यात एक चेहरा दिसतो. चेहरा म्हणून न्याहाळायला जावं तर पुन्हा नुसती वेल. दंडावर काढायला ही नक्षी कठीण आहे, कारण नेमकं काय काढायचं तेच ती ठरू देत नाही.

नावाचीही तीच गत. 'केल्टोई' म्हणणारे ग्रीक, 'गॉल' म्हणणारे रोमन. आज ज्यांना आपण हटकून केल्ट म्हणतो त्या ब्रिटन आणि आयर्लंडच्या जुन्या लोकांना त्या काळी कुणीही त्या नावाने ओळखत नव्हतं. १७०७ मध्ये एडवर्ड लुइड या वेल्श विद्वानाने वेल्श, आयरिश, कॉर्निश, ब्रेटन या भाषा एका कुळातल्या असल्याचं मांडलं आणि कुळाला ते नाव चिकटलं. म्हणजे वारसनोंद झाली ती जवळजवळ दोन हजार वर्षांनी.

त्यातल्या त्यात निर्मळ पुरावा मिठाचा. ऑस्ट्रियात हालश्टाटच्या डोंगरात मिठाच्या खाणी आहेत. तिथे १८४६ पासून १८६३ पर्यंत रामसाउअर नावाचा खाणीचा अधिकारी थडगी उकरत होता. त्याने सुमारे हजार थडगी उघडली आणि प्रत्येकाची जलरंगात चित्रं करून घेतली. हाडं कशी पडलीत, कांस्याचं कडं नेमकं कुठे आहे, हे आजही त्या चित्रांत दिसतं. खाणीच्या आत मिठाने सगळं राखून ठेवलंय: कातडी पाठपिशव्या, लोकरीच्या कापडाचे रंगीत तुकडे, आणि माणसांची विष्ठासुद्धा. २०२१ मध्ये संशोधकांनी तीही तपासली. लोक सातू-बाजरीसारखी धान्यं आणि घेवड्यासारखे दाणे खात होते, आणि साधारण २७०० वर्षांपूर्वीच्या एका नमुन्यात तर निळ्या बुरशीचं चीज आणि बिअर या दोहोंच्या खुणा सापडल्या. कुणाच्याही साक्षीवर अवलंबून न राहता त्या माणसाचं रात्रीचं जेवण आपल्यापर्यंत आलं. तो कुठल्या देवाला हात जोडत होता, हे मात्र मीठ सांगत नाही.

ते सांगायला सीझरला बोलवावं लागतं.

आणि सीझर म्हणजे कोण? गॉल देश, म्हणजे साधारण आजचा फ्रान्स, जिंकताना त्याने दहा लाख माणसं मारली आणि तितकीच कैद केली, असं ग्रीक चरित्रकार प्लुटार्क लिहितो. आकडा फुगवलेला धरला तरी हात रक्ताचेच. ज्या वर्सिंजेटोरिक्सने सगळ्या गॉल टोळ्या एकत्र केल्या, त्याला इ.स.पू. ५२ मध्ये अलेझियाला उपाशी पाडून शरण आणलं, सहा वर्षं रोममध्ये डांबलं, विजयाच्या मिरवणुकीत फिरवलं आणि मारून टाकलं. (पुढे १८६५ मध्ये फ्रान्सने अलेझियाच्या टेकडीवर त्याचा भव्य पुतळा उभा केला, तर त्याचा चेहरा निघाला तेव्हाच्या बादशहाचा, तिसऱ्या नेपोलियनचा. मेल्यावरही बिचाऱ्याला स्वतःचा चेहरा मिळाला नाही.) असा हा सीझर आपल्या युद्धवृत्तांतात मध्येच थांबून ड्रुइडांबद्दल जे लिहितो, ते वाचताना मी त्याचा राग करायचं विसरते. हे लोक कर भरत नाहीत, लढाईला जात नाहीत. शिष्य त्यांच्याकडे जातात आणि काही जण वीस वर्षं शिकत राहतात. असंख्य कवनं तोंडपाठ करतात. हिशेबठिशेबाला ग्रीक अक्षरं वापरतात, पण ही विद्या लिहून ठेवणं त्यांना मंजूर नाही. याची दोन कारणं सीझर देतो: एक, विद्या भलत्यांच्या हाती पडू नये, दोन, लिहिलेल्यावर भिस्त ठेवून शिष्यांनी स्मरणाचा आळस करू नये. आत्मा मरत नाही, एका देहातून दुसऱ्यात जातो, हेही ते शिकवतात, असं तो पुढे सांगतो.

हे वाचून आपल्याकडच्या माणसाला गुरुकुल, घनपाठ, पुनर्जन्म आठवतोच. मलाही आठवला, आणि मी स्वतःला आवरलं, कारण यातूनच पुढे 'ड्रुइड म्हणजे आपलेच ब्राह्मण' असली फॉरवर्ड तयार होतात. फरक मोठा आहे. आपली पाठांतराची साखळी तुटली नाही, त्यांची तुटली. वीस वर्षांत काय शिकवत होते त्यातली एक ओळही आज कुणाला म्हणता येत नाही. विद्या भलत्यांच्या हाती पडू नये ही त्यांची इच्छा मात्र तंतोतंत पुरी झाली, आणि या विचाराने मला कधी समाधान वाटतं, कधी चीड येते.

एकच ठिकाण असं आहे जिथे त्यांच्या डोक्यातलं काही त्यांच्याच भाषेत दिसतं. १८९७ मध्ये पूर्व फ्रान्समधल्या कोलिन्यी गावच्या शेतात कांस्याचे फुटके तुकडे निघाले. जुळवल्यावर ते पंचांग निघालं. सुमारे दीड मीटर रुंदीचा पत्रा, त्यावर पाच वर्षांचे बासष्ट महिने कोरलेले. अक्षरं रोमन, पण भाषा गॉलिश. काळ इसवी सनाचं दुसरं शतक, म्हणजे सीझरला जाऊन दोनशे वर्षं झाल्यावरचा. महिने चंद्राचे, एकोणतीस किंवा तीस दिवसांचे. प्रत्येक महिन्याचे दोन भाग, आपल्या पक्षांसारखे. काही महिन्यांपुढे 'मात्' लिहिलंय आणि काहींपुढे 'अन्म्', म्हणजे बहुतेक चांगला आणि चांगला नसलेला. पाच वर्षांचे महिने साठ व्हायला हवेत, तर बासष्ट कसे? जास्तीचे दोन म्हणजे अधिक महिने. आपला अधिक साधारण साडेबत्तीस महिन्यांनी येतो, त्यांचा दर तीस महिन्यांनी घातलेला. चांद्र वर्ष सूर्याच्या मागे अकरा दिवस पडतं, तो हिशेब त्यांनीही असाच चुकता केला. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा आमच्याकडे अधिक महिना चालू होता आणि आई जावयासाठी तेहतीस अनारसे मोजत बसली होती. गॉलच्या जावयांना काय मिळत असेल, हा प्रश्न कुठल्याही पुस्तकात सुटलेला नाही.

पण त्या पंचांगातली मला सगळ्यात जवळची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. प्रत्येक दिवसासमोर एक बारीक भोक आहे. त्यात खुंटी बसवायची, आणि दिवस मावळला की (किंवा रात्र पडली की, सीझर म्हणतो हे लोक दिवस नव्हे, रात्री मोजतात) ती पुढच्या भोकात सरकवायची. रोज. कुणीतरी एक माणूस नेमलेला असणार त्या कामाला. रोमन राज्य होतं, रोमचं स्वतःचं सौर पंचांग सगळीकडे लागू होतं, आणि हा माणूस जुन्या महिन्यांची खुंटी सरकवत होता. मग कधीतरी कुणीतरी तो पत्रा फोडला आणि तुकडे एका देवाच्या पुतळ्याच्या तुकड्यांबरोबर पुरून ठेवले. धाडीच्या भीतीने लपवले, की मोड म्हणून वितळवायला जमवले? काही का असेना, खुंटी एका दिवशी सरकवायची थांबली, एवढं नक्की.

बाकीचं जे आहे ते पाण्यात आणि दलदलीत. हे लोक उत्तमातली उत्तम वस्तू तळ्यात, नदीत, चिखलात सोडत. बऱ्याचदा तलवार आधी वाकवून, म्हणजे कुणालाच वापरता येऊ नये अशी करून. डेन्मार्कमध्ये गुंडेस्ट्रुपजवळ १८९१ च्या मे महिन्यात दलदलीचा कोळसा कापणाऱ्यांना चांदीचं एक प्रचंड पातेलं सापडलं. वजन जवळजवळ नऊ किलो. पत्रे सुटे करून पातेल्यातच नीट रचून ठेवलेले. त्यातल्या एका पत्र्यावर शिंगं असलेला पुरुष मांडी घालून बसला आहे, एका हातात गळ्यातलं कडं, दुसऱ्यात मेंढ्याच्या डोक्याचा साप, भोवती पशू. झालं. मोहेंजोदडोच्या 'पशुपती' मुद्रेशेजारी याचं चित्र लावलेला मेसेज मला आत्तापर्यंत तीन वेगवेगळ्या काकांनी पाठवलाय. दोन्हींच्या मध्ये दोन हजारांवर वर्षं आहेत, आणि अंतराचं तर विचारूच नका. त्यात गंमत अशी की ते पातेलं बहुधा आग्नेय युरोपात, थ्रेसच्या कारागिरांनी घडवलेलं. त्यावर चक्क हत्तीही आहेत, कधी हत्ती न पाहिलेल्याने काढल्यासारखे. म्हणजे केल्टांचा म्हणून जगभर मिरवला जाणारा हा देव सापडला डेन्मार्कमध्ये आणि घडवला बाल्कनमध्ये. 'केर्नुन्नोस' हे त्याचं नाव आपण लावतो, तेही पॅरिसमध्ये नोत्र दामच्या चर्चखाली सापडलेल्या, टायबेरियस बादशहाच्या काळात नावाड्यांनी उभारलेल्या दुसऱ्याच एका खांबावरून. सात-बारावर एवढी खाडाखोड दिसली तर मी अशिलाला घरी पाठवेन.

आणि मग ती साखळी.

वेल्सच्या वायव्येला अँगलसी बेट आहे, रोमन लोक त्याला मोना म्हणत. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, तिथे विमानतळाचं काम चालू होतं. धावपट्टीभोवतीच्या वाळूवर पसरायला जवळच्या दलदलीतला गाळ काढत होते. गाळ पसरवताना दातऱ्यात एक लोखंडी साखळी अडकून वर आली. चिखलात ट्रक रुतत होते. कामगारांनी ती साखळी ट्रॅक्टरला बांधली आणि ट्रक ओढून काढले. साखळी तुटली नाही. पुढे तिथे तलवारी, भाले, रथाच्या चाकांच्या धावा निघाल्या, दीडशेच्या वर वस्तू, तेव्हा लक्षात आलं की ती साखळी दोन हजार वर्षांपूर्वीची आहे. गुलामांची. ठरावीक अंतरावर कड्या, माणसांच्या गळ्यात अडकवायच्या.

तिचा फोटो मी कितीतरी वेळ मोठा करून पाहिला. घडण उत्तम आहे. दुवा न् दुवा एकसारखा, बाक बिनचूक. ज्या लोहाराने ती केली त्याला आपल्या कामाचा अभिमान असणार. सिसिलीच्या डिओडोरस या ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवलंय की इटलीचे व्यापारी गॉलमध्ये दारू घेऊन जात आणि एका रांजणाच्या बदल्यात एक पोरगा घेऊन येत. वाचताना वाटलं होतं, शत्रूची निंदा असेल. साखळीला कसली निंदा करायची असते? १९८४ मध्ये चेशरच्या दलदलीत एक तरुण सापडला: डोक्यावर घाव, गळ्याला आवळलेली दोरी, पोटात मिसलटो या बांडगुळाचे परागकण, दाढी कातरलेली आणि नखं नीट राखलेली. बळी दिला असावा असं पुष्कळांचं मत आहे, काहींचं नाही. मला त्या नखांचं काय करावं कळत नाही. धुकं आणि ओकची झाडं शोधत मी या लोकांकडे गेले होते, आणि ज्या वस्तूबद्दल अगदी निर्विवाद सांगता येईल की ही त्यांची, यावर मधल्या कुणाचा हात नाही, ती नेमकी ही साखळी निघाली.

त्याच मोना बेटावर इ.स. ६० च्या सुमारास रोमन फौज उतरली. रोमन इतिहासकार टॅसिटसने ते दृश्य लिहिलंय: काठावर शस्त्रधारी माणसं, त्यांच्यामधून काळ्या वस्त्रांतल्या, केस सोडलेल्या, मशाली घेतलेल्या बायका धावताहेत, आणि भोवती ड्रुइड आकाशाकडे हात करून शाप देताहेत. सैनिक क्षणभर थिजले. मग त्यांनी सगळ्यांना कापलं आणि पवित्र राया तोडल्या. टॅसिटस तेव्हा लहान पोर होता; सासरे अग्रिकोला त्या काळात ब्रिटनच्या फौजेत होते. थोडक्यात, ड्रुइडांचा शेवट आपल्याला कळतो तो मारणाऱ्यांच्या घरातल्या जावयाकडून.

रोमन आयर्लंडला राज्य करायला गेले नाहीत. म्हणून लोक म्हणतात, खरा केल्ट तिथे बघा. बघितला. तिथल्या गोष्टी मला अतोनात आवडतात, आणि त्यांतली सगळ्यात मोठी, 'टाइन', सुरू होते ती माझ्या धंद्यातल्या भांडणाने. कॉनाख्टची राणी मेव्ह आणि तिचा नवरा अलिल अंथरुणात पडल्या पडल्या वाद घालतात की लग्नात जास्त मालमत्ता कुणाची. मग नोकर सगळं अंगणात मांडतात: हंडे-बादल्या, अंगठ्या, कपडे, मेंढ्या, घोडे, डुकरं, गुरं. बरोबरी होते, फक्त नवऱ्याकडे एक पांढऱ्या शिंगांचा बैल जास्त. तो जन्मला मेव्हच्याच खिल्लारात, पण बाईच्या मालकीचं राहणं त्याला कमीपणाचं वाटलं म्हणून तो नवऱ्याच्या कळपात गेला. अशा याद्या मी घटस्फोटाच्या दाव्यांत पाहिल्या आहेत, बैलाच्या जागी फ्लॅट असतो. मेव्हला बरोबरी करायला अल्स्टरमधला तपकिरी बैल हवा होतो, आणि त्या एका बैलापायी युद्ध पेटतं. अल्स्टरचे वीर शापामुळे प्रसूतीच्या वेणांनी लोळताहेत. सतरा वर्षांचा कुखुलन एकटा सीमा राखतो. चार दिवस तो नदीच्या उतारावर आपल्याबरोबर वाढलेल्या मित्राशी, फेरदियाशी लढतो. संध्याकाळी एकमेकांना औषधी पाला आणि जेवण पाठवतात, सकाळी पुन्हा भिडतात, आणि शेवटी तो मित्राला मारतो. पुढे एका वेगळ्या कथेत तो स्वतः मरतो तेव्हा कमरेच्या पट्ट्याने स्वतःला उभ्या दगडाला बांधून घेतो, उभ्याने मरण यावं म्हणून, आणि खांद्यावर पक्षी येऊन बसेपर्यंत शत्रूची जवळ जायची हिंमत होत नाही. डब्लिनच्या मुख्य टपाल कचेरीत त्याचा कांस्याचा पुतळा आहे. मान एका बाजूला कललेली, खांद्यावर कावळा.

पण हे लिहिलं कुणी? ख्रिस्ती मठांत शिकलेल्या लोकांनी, बाराव्या शतकाच्या आसपासच्या हस्तलिखितांत. आणि त्यांनाही ही अडचण माहीत असावी, कारण 'टाइन' कशी हरवली आणि कशी सापडली याचीच एक गोष्ट आहे. कवींपैकी कुणालाच ती पुरी येईना. पोथी कुणीतरी पूर्वेकडे नेली होती, तिच्या बदल्यात लॅटिन विद्येचा एक ग्रंथ घेऊन. शेवटी एक तरुण कवी फेर्गसच्या थडग्यापाशी जाऊन त्याला उद्देशून कवन म्हणतो. फेर्गस त्या युद्धातला योद्धा. धुकं उठतं, तीन दिवस तो तरुण कुणाला दिसत नाही, आणि फेर्गस स्वतः येऊन त्याला सगळी कथा पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगतो. मला हा पुरावा म्हणून चालणार नाही. साक्षीदार मयत आहे.

बनावट कागदही या दप्तरात आहेत. एडवर्ड विल्यम्स नावाचा वेल्श गवंडी, टोपणनाव इओलो मोर्गानुग, अफूच्या अर्काचा व्यसनी, जुन्या वेल्श काव्याचा खराखुरा जाणकार. त्याने स्वतः कविता रचल्या आणि चौदाव्या शतकातल्या महाकवीच्या नावावर खपवल्या. १७८९ च्या छापील संग्रहात त्या गेल्यासुद्धा. १७९२ च्या जूनमध्ये लंडनच्या प्रिमरोझ टेकडीवर त्याने लहान लहान दगडांचं रिंगण मांडून ड्रुइडांपासून चालत आलेला म्हणून एक समारंभ केला. सगळा त्याच्या डोक्यातून निघालेला. तो समारंभ आज वेल्सच्या राष्ट्रीय साहित्य-महोत्सवाचा मानबिंदू आहे. झगे घातलेले कवी, म्यानातून अर्धवट उपसलेली तलवार, हजारो लोक, आणि सगळं वेल्शमध्ये. दस्त खोटा, पण दोनशे वर्षांचा कब्जा शांततेत आणि उघडपणे चालू. कायद्यात याला काय म्हणतात ते मला माहीत आहे. भाच्याच्या टॅटूबद्दलचा माझा ताठा इथे बराच उतरला.

आता एक माणूस, जो मला फार उशिरा भेटला. मी कायदा शिकले लॉ कॉलेज रस्त्यावर. रोज भांडारकर संस्थेवरून जायचे, आत कधी गेले नाही. हातात 'ट्रान्स्फर ऑफ प्रॉपर्टी ॲक्ट, १८८२' असायचा. आजही कलम ५४ उघडल्याशिवाय माझा आठवडा जात नाही. तो कायदा झाला तेव्हा व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदा सदस्य होते व्हिटली स्टोक्स. जन्म डब्लिनचा, १८३०. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स, ट्रस्ट, ईझमेंट, हे सगळे कायदे त्यांच्याच कारकिर्दीतले. आणि या माणसाची खरी विद्या जुनी आयरिश भाषा. दिवसा हिंदुस्थानासाठी गहाणखताची कलमं, आणि उरलेल्या वेळात आयरिश पोथ्या. त्यांनी संपादलेल्या कित्येक आयरिश संहिता कलकत्त्यात छापल्या गेल्या. कुखुलनच्या मरणाची कथा त्यांनी इथल्या नोकरीच्याच वर्षांत भाषांतर करून पॅरिसच्या नियतकालिकात दिली. १८६८ मध्ये देशभरातल्या संस्कृत हस्तलिखितांचा शोध घेऊन सूची करायची योजना सरकारने हाती घेतली, तिची टिपणी लिहिणारेही स्टोक्सच. त्या योजनेतून मुंबई इलाख्यात ब्यूलर, कीलहॉर्न, भांडारकर यांनी गावोगावच्या पोथ्या जमवल्या. त्या आधी डेक्कन कॉलेजात होत्या आणि १९१८ मध्ये भांडारकर संस्थेत आल्या. म्हणजे मी पाच वर्षं ज्या भिंतीवरून जात होते तिच्याआडच्या पोथ्या आणि माझ्या बगलेतला कायदा, दोन्हींवर एकाच आयरिश माणसाचा हात. राज्यकर्त्यांतलाच तो, हे विसरता येत नाही. पण त्याच्या स्वतःच्या देशावरही तेच राज्य होतं, आणि तिथली भाषा त्याच्या डोळ्यांदेखत दुष्काळात आणि देशांतरात आटत होती. इथल्या पोथ्या वाचवायची टिपणी लिहिताना त्याच्या मनात कुठल्या पोथ्या होत्या?

म्हातारपणी स्टोक्सनी एका सहकाऱ्याबरोबर सगळ्यात जुन्या आयरिश नोंदी एकत्र छापल्या, बहुतेक लॅटिन ग्रंथांच्या समासांत लिहिलेल्या. नवव्या शतकातल्या एका व्याकरणाच्या पोथीच्या समासात कुणीतरी लिहिलंय की आज रात्री वारा सुसाट आहे, समुद्राचे पांढरे केस विस्कटतोय, अशा रात्री नॉर्समनांच्या, म्हणजे व्हायकिंगांच्या, धाडीची भीती नाही. त्याच पोथीत एका पानावर, ओघम या जुन्या रेघांच्या लिपीत, एकच शब्द आहे; अर्थ, काल रात्रीची दारू चढली आहे. ओघम तेव्हाच जुनी झालेली. वरिष्ठांना वाचता येऊ नये म्हणून वापरली असेल का?

आपल्याकडचे लेखनिक पोथी संपवताना 'यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया' असं लिहून मोकळे होतात: जसं समोर होतं तसं उतरवलं, चूकभूल माझी नाही. बाराव्या शतकात लाइन्स्टरच्या ग्रंथात 'टाइन' उतरवणाऱ्या माणसाने शेवटी असं एक नव्हे, दोन वेळा लिहिलंय. लॅटिनमधल्या नोंदीत तो म्हणतो की ही कथा, कथा कसली, कल्पितच, मी लिहिली खरी, पण यातल्या पुष्कळ गोष्टींवर माझा विश्वास नाही; काही भुताखेतांची फसवणूक आहे, काही कवींची रचना, काही संभवते, काही नाही, काही मूर्खांच्या करमणुकीपुरती. इतकं सगळं वाटत असताना त्याने बैलांची झुंज गाळली नाही, मेव्हची अंथरुणातली यादी गाळली नाही, नदीच्या उतारावरचे चार दिवस गाळले नाहीत. साक्षीदार म्हणून मला हा माणूस सीझरपेक्षा, फेर्गसच्या भुतापेक्षा, इओलोपेक्षाही चालेल. स्वतःला पटत नसलेलं पूर्ण लिहून देणारा साक्षीदार मला कोर्टात आजवर भेटलेला नाही. आणि या लॅटिन नोंदीच्या आधी, आयरिशमध्ये, त्याच हाताने लिहिलेला आशीर्वाद आहे: जो कोणी ही 'टाइन' इथे आहे तशीच, दुसरं रूप न चढवता, तोंडपाठ करील, त्याचं कल्याण असो.